उत्तर आलं, आता कारण सांगा

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मामांची सकाळ इंग्रजी पेपरातल्या शब्दकोड्यानं सुरू व्हायची. पेपरची घडी चौथाईवर यायची, चष्मा कपाळावर जायचा आणि चहाच्या कपाशेजारी दोन वस्तू असायच्या: एक पेन्सिल आणि एक निळ्या शाईचं पेन. दोन कशाला, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

आठवीत असताना एकदा मी त्यांच्या खांद्यावरून डोकावून उत्साहानं म्हणाले, "मामा, सात आडवा मला आला." त्यांनी उत्तर ऐकलं, मान हलवली आणि पेन्सिलीनं चौकटीत भरलं. मी विचारलं, "बरोबर आहे ना? मग पेननं का नाही लिहिलंत?"

"उत्तर आलंय गं तुला," मामा म्हणाले. "पण का आलं, ते कुठं सांगितलंस?"

त्यांचा नियम तो होता. सुचलेलं उत्तर पेन्सिलीनं, आणि त्या उत्तराचं कारण शब्दाशब्दानं सांगता आलं की मगच त्यावर शाई. कधीकधी पूर्ण भरलेलं कोडं संध्याकाळपर्यंत अर्धं निळं आणि अर्धं करडं राहायचं. ते मामांच्या लेखी सुटलेलं नसायचं.

मला इंग्रजी क्लू समजेनात, तेव्हा त्यांनी एक मराठीत करून दिला. मामांची बरीच नोकरी मनमाडला झाली होती.

'चित्त नारळाच्या झाडाशी जोडलं की जंक्शन येतं' (४)

कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. मी ध्यान लावणारे ऋषी, कोकण, वाड्या असं काय काय डोळ्यांपुढं आणलं. मामा म्हणाले, "चित्र बघू नकोस, शब्द बघ. चित्ताला दुसरा शब्द काय?" मन. "नारळाच्या झाडाला?" माड. दोन्ही शब्द जोडले आणि मी ओरडलेच. मन आणि माड एवढे रोजचे शब्द त्या नावात उघडे बसले होते, आणि शेकडो वेळा ते नाव ऐकून मला कधी दिसले नव्हते.

क्रिप्टिक, म्हणजे मुद्दाम गूढ केलेल्या, क्लूचं सगळं मर्म या एका ओळीत आहे. क्लूचे दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो. त्याला आपण व्याख्या म्हणू. इथं ती 'जंक्शन'. दुसरा भाग उत्तराची अक्षरं कशी जुळवायची ते सांगतो. त्याला जुळणी म्हणू. इथं 'चित्त नारळाच्या झाडाशी जोडलं'. व्याख्या बहुधा वाक्याच्या एका टोकाला असते, सुरुवातीला किंवा शेवटी. मधला एखादा शब्द दोन्ही भागांना सांधतो. पण वाचताना ही फट दिसू नये म्हणून दोन्ही भाग एका गोळीबंद वाक्यात विणलेले असतात, आणि त्या वाक्यातून उभं राहणारं चित्र साफ दिशाभूल करतं. सोडवणाऱ्याचं काम एकच: वाक्य कुठं तुटतं ते शोधायचं.

साध्या शब्दकोड्यात दोन भागांनी एकमेकांना दिलेला असा पुरावा नसतो. 'झाड, तीन अक्षरी' एवढंच दिलं असेल तर पिंपळ, बाभूळ, फणस, चंदन काहीही बसेल. उभ्या शब्दांमधून दोन अक्षरं मिळाली आणि चौकटीत '_ळस' उरलं, तरी पळस की तुळस हा प्रश्न राहतोच. या अनिश्चिततेवर आपल्याकडं एके काळी मोठा व्यवसाय उभा राहिला होता. बक्षिसांच्या शब्दकोड्यांत लोक प्रवेश फी भरून कूपनं पाठवत, एकाच जागी दोन-दोन शब्द चपखल बसत, आणि खरं उत्तर म्हणजे आयोजकांनी आधीच ठरवून पाकिटात बंद ठेवलेलं उत्तर. संसदेनं १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धांसाठी कायदा केला आणि महिन्याला एक हजार रुपयांवर बक्षिसं देणाऱ्या स्पर्धांना बंदी घातली. मुंबई राज्य आणि शब्दकोडी चालवणारे आर. एम. डी. चमरबागवाला यांच्यातला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ च्या निकालात न्यायालयानं जुगार आणि कौशल्य यांत स्पष्ट रेघ ओढली. मला ती रेघ फार महत्त्वाची वाटते. पळस की तुळस, हे ज्याला फक्त आयोजकाच्या पाकिटातून कळतं, तो खेळ नशिबाचा. क्रिप्टिक क्लूत पाकीट लागतच नाही. बरोबर उत्तर हाती आलं की ते स्वतःच सांगतं, मी बरोबर आहे.

आता हा प्रकार आला कुठून ते पाहू. शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या दैनिकात २१ डिसेंबर १९१३ रोजी हिऱ्याच्या आकाराचं पहिलं कोडं छापलं. पण त्याला वाकडं वळण दिलं ते इंग्लंडनं. एडवर्ड पोविस मॅदर्स हे कवी आणि अनुवादक. १९२६ पासून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' साप्ताहिकात ते 'टॉर्केमाडा' या नावानं कोडी रचू लागले. टॉर्केमाडा म्हणजे स्पेनमधल्या धर्मन्यायपीठाचा पहिला, छळासाठी कुप्रसिद्ध झालेला प्रमुख. सोडवणाऱ्यांचा आपण छळ करणार, हे नावातच जाहीर होतं.

या मॅदर्सचं आपल्याशी एक नातं आहे. अकराव्या शतकातल्या बिल्हण कवीच्या 'चौरपंचाशिका' या संस्कृत काव्याचं इंग्रजी रूपांतर त्यांनी १९१९ मध्ये 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' या नावानं प्रसिद्ध केलं होतं. बिल्हण मूळचा काश्मीरचा, पण त्याला आश्रय मिळाला तो कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, आजच्या बसवकल्याणला. श्लेषाच्या आणि वक्रोक्तीच्या साहित्यात रमलेला माणूस पुढं इंग्रजी क्रिप्टिकचा जनक ठरावा, यात मला कार्यकारणभाव सिद्ध करता येणार नाही, पण मन तिकडं ओढ घेतं.

लंडनच्या 'टाइम्स'नं आपलं रोजचं कोडं १ फेब्रुवारी १९३० रोजी सुरू केलं. ते रचायला बसवलेले एड्रियन बेल सफोकमध्ये शेती करणारे, शेतीवर पुस्तकं लिहिणारे तरुण होते, आणि त्यांना कोडी रचण्याचा अनुभव नव्हता. तरीही पुढं कित्येक दशकं ते रचत राहिले. त्या काळी क्लूला कसलेच नियम नव्हते. कुठं कवितेची अर्धी ओळ, कुठं नुसता इशारा. सुटलं तर सुटलं.

नियम आले ते एका शिक्षकामुळं. १९३९ मध्ये मॅदर्स गेले आणि 'ऑब्झर्व्हर'चं कोडं डेरिक सॉमरसेट मॅकनट यांच्याकडं आलं. हे इंग्लंडमधल्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवत. त्यांनीही धर्मन्यायपीठाच्याच एका प्रमुखाचं नाव घेतलं, 'झिमेनेस'. क्लू कसा असावा यावर त्यांनी १९६६ मध्ये पुस्तक लिहिलं आणि आजही इंग्लंडमध्ये काटेकोर क्लूला त्यांच्या नावानं ओळखतात. १९७२ पासून त्यांची जागा जोनाथन क्राऊदर यांनी घेतली. त्यांचं टोपणनाव 'अझेड'. इंग्रजी वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर त्यात आहेच, पण ते उलटं वाचलं की 'डेझा' होतं, आणि डेझा हाही त्या न्यायपीठाचा आणखी एक प्रमुख. टोपणनावसुद्धा कारणासकट!

झिमेनेसचं म्हणणं थोडक्यात असं: क्लूमध्ये अचूक व्याख्या हवी, न्याय्य जुळणी हवी, आणि याखेरीज काहीही नको. त्यांच्या आधी 'अफ्रिट' नावानं रचणाऱ्या ए. एफ. रिची या धर्मगुरूंनी हेच नीतीच्या भाषेत सांगितलं होतं. रचणाऱ्यानं वाचकाला चकवायला हरकत नाही, पण वाक्य अक्षरशः जे म्हणतं ते खरं असलंच पाहिजे. मला हा करार शब्दकोड्यापलीकडंही सुंदर वाटतो. समोरचा तुम्हाला फसवणार आहे हे तुम्हाला माहीत आहे. तो खोटं बोलणार नाही, हेही तुम्हाला माहीत आहे.

आता प्रत्यक्ष क्लू सोडवू. उदाहरणं मी मराठीतच रचली आहेत, कारण उत्तराचं कारण समजून घ्यायचं तर ते आपल्या भाषेत जास्त लख्ख दिसतं. आपल्या शब्दकोड्यांचा रिवाज असा की एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रेसकट. तोच इथं पाळला आहे.

'खवळलेली मगर तापलेली' (३)

नदीकाठचं चित्र विसरा. 'खवळलेली' हा शब्द म-ग-र या अक्षरांना ढवळायला सांगतो आहे. ढवळल्यावर मिळतं ग-र-म. 'तापलेली' ही व्याख्या. उत्तर गरम. इंग्रजीत या प्रकाराला अ‍ॅनाग्राम म्हणतात आणि ढवळायला सांगणाऱ्या शब्दाला सूचक. बिघडलेलं, वेडंवाकडं, विस्कटलेलं, झिंगलेलं, मोडतोड झालेलं, असा कोणताही अस्वस्थ शब्द क्लूमध्ये दिसला की शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजायची.

'देवानं दिला आणि मुलीनं निवडला' (२)

इथं जुळणी नाही, दोन व्याख्याच आहेत. देवानं दिला तो वर, मुलीनं निवडला तोही वर. आपल्या भाषेत असे शब्द मुबलक आहेत: मान, पाठ, नाव, वाट, कर, ऊन. श्लेषाच्या ज्या सवयीवर आपली कीर्तनं आणि नाटकं पोसली गेली, ती इथं थेट कामाला येते.

'नवे गिळून बसलेली पाल विड्याच्या कामाची' (४)

'गिळून बसलेली' म्हणजे एका शब्दाच्या पोटात दुसरा. 'पाल'च्या पोटात 'नवे' गेलं: पा-नवे-ल. पानवेल, विड्याच्या कामाची.

'पाटलांचा ऊस सगळा आरंभीच भिजवतो' (३)

पहिल्या तीन शब्दांच्या आरंभीची अक्षरं घ्या, पाऊस पडेल.

लपवलेल्या शब्दाचा एक नमुना जरा सावकाश पाहू, कारण तो रचताना मी स्वतः अडले होते. मला 'कमळ' लपवायचं होतं. 'एक मळका' या दोन शब्दांत ते सलग सापडतं: ए-क-म-ळ-का. दोन्हीकडची टोकं सोडली की कमळ. मी लिहिलं:

'एक मळका सदरा, आत फूल' (३)

वाक्य मला आवडलं होतं. मळक्या सदऱ्याच्या खिशातून फूल निघतं, डोळ्यांपुढं माणूस उभा राहतो. मामांनी वाचलं आणि पेन्सिल 'सदरा'वर टेकवली. "हा काय करतोय इथं?" मी म्हणाले, "चित्रासाठी आहे." "चित्रासाठी भाड्यानं आणलेला शब्द नको. प्रत्येकानं काम केलं पाहिजे." खरंच, सदरा व्याख्येतही नव्हता आणि जुळणीतही नव्हता. झिमेनेसच्या तिसऱ्या अटीत तो अडकत होता. दोन दिवस विचार करून मी तो काढला आणि 'आत'चं 'आतून' केलं:

'एक मळका, आतून फूल' (३)

आता एकही शब्द रिकामा बसलेला नाही. आणि गंमत पहा, चित्रही सुधारलं. सदऱ्याऐवजी आता एक माणूस दिसतो, वरून मळलेला, आतून फुलासारखा. काटेकोरपणानं सौंदर्य मरतं असं म्हणणाऱ्यांना मी हा क्लू दाखवते.

मराठीत क्रिप्टिक रचणं अवघड का, याची कारणं भाषेच्या घडणीत आहेत. पहिलं कारण आपली अक्षरं. 'नवरा' या शब्दातला काना सुटा करून फिरवला तर 'वानर' होतो. लहानपणी हे सगळ्यांनीच केलं असेल. पण शब्दकोड्याच्या घरात 'रा' हे एकच अक्षर आहे, त्याचा काना त्याला चिकटलेला आहे. म्हणजे न, व, रा ढवळून वा, न, र मिळत नाहीत. इंग्रजीत स्वर सुटे असतात, कुठंही उडी मारतात, त्यामुळं तिथं अ‍ॅनाग्रामचं पीक येतं. 'गार्डियन'मध्ये 'अराकारिया' या नावानं रचणाऱ्या जॉन ग्रॅहम यांनी एकदा 'चेस्ट लॉर्ड आर्चर व्हेजिटेटिंग' या चार शब्दांची २६ अक्षरं ढवळून 'द ओल्ड व्हिकरेज, ग्रँटचेस्टर' हे रूपर्ट ब्रुक यांच्या प्रसिद्ध कवितेचं शीर्षक काढलं. वर त्याच नावाच्या घरात लॉर्ड आर्चर हे लेखक राहतात! एवढी लांब उडी मराठीत मारता येणार नाही, हे मान्य करायला हवं.

दुसरं कारण विभक्ती. इंग्रजी नाम वाक्यात कुठंही ठेवलं तरी बहुधा जसंच्या तसं राहतं. आपलं नाम प्रत्यय लागला की रूप बदलतं. पालीनं म्हटलं की 'पाल' गेली आणि 'पाली' आली. मगरीला म्हटलं की 'मगर' हरवली. म्हणून रचणाऱ्याला वाक्य असं वळवावं लागतं की ज्याची अक्षरं वापरायची तो शब्द मूळ रूपात राहील. वरच्या क्लूत 'गिळून बसलेली पाल' अशी रचना त्यासाठीच केली आहे. उलट, जिथं अर्थ घ्यायचा, अक्षरं घ्यायची नाहीत, तिथं प्रत्यय बिनधास्त लावता येतो. मनमाडच्या क्लूत 'झाडाशी' चालतं ते याच कारणानं.

पण देवनागरीनं जे हिरावून घेतलं त्याची भरपाईही केली आहे. हे पहा:

'टिंब पुसलं की रंग माज होतो' (२)

रंगावरचा अनुस्वार पुसा. रग उरते, आणि रग म्हणजे माज, जी लोक एकमेकांची जिरवतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही सगळी सुटी हत्यारं आपल्या हातात आहेत. मान आणि मन यांत फक्त एक काना आहे, दिन आणि दीन यांत फक्त वेलांटीची दिशा. इंग्रजीत याला तोड नाही.

तसंच क्रियापदांचं. इंग्रजी क्रिप्टिकमधली एक जुनी खोडी अशी: 'फ्लॉवर' हा शब्द दिसला की फूल समजायचं नाही. तो 'फ्लो' करणारी, म्हणजे वाहणारी, अर्थात नदी असू शकते. नवखा माणूस तासभर गुलाब आणि लिली शोधत बसतो, उत्तर टेम्स असतं. आपल्याकडं याहून देखणी सोय तयारच आहे. आपण नदीला वाहते म्हणतो, ओझं वाहतो आणि देवाला फुलंही वाहतो. 'फुलं वाहते' या दोन शब्दांत नदी आणि पूजेला बसलेली आजी दोन्ही मावतात. कुणीतरी यावरून चांगला क्लू रचावा.

एक क्लू मात्र मला रचावा लागला नाही, तो परंपरेनंच हातात दिला. वाल्या कोळ्याला रामनाम घेता येईना, म्हणून तो 'मरा मरा' म्हणत राहिला आणि वाल्मीकी झाला, ही कथा आपण ऐकत आलो. अक्षरांच्या हिशेबानं पाहिलं तर म-रा उलटं केलं की रा-म. काना आपल्या अक्षराला चिकटून राहतो, तरी शब्द उलटतो.

'मरा उलट म्हणता तारतो' (२)

यातली व्याख्या 'तारतो', जुळणी 'मरा उलट म्हणता'. पण दोन्ही मिळून जे वाक्य होतं ते पुन्हा वाल्याचीच गोष्ट सांगतं, आणि त्या गोष्टीचं उत्तरही रामच. अख्खं वाक्य एकाच वेळी व्याख्याही आणि जुळणीही, असा क्लू जमणं हे इंग्लंडातल्या कोडी रचणाऱ्यांच्या लेखी सर्वांत अवघड काम. आपल्याकडं ते आजीच्या गोष्टीत होतं.

मामांचा पेन्सिल-पेनचा नियमही असाच जुना आहे, हे मला फार उशिरा उमगलं. महाभारत सांगायला व्यास बसले आणि लिहून घ्यायला गणपती. गणपतीची अट अशी की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट अशी की अर्थ कळल्याशिवाय एकही श्लोक लिहायचा नाही. मग व्यास मधूनमधून कूटश्लोक घालत गेले, आणि गणपती विचारात पडला की तेवढ्या वेळात पुढचे श्लोक रचून ठेवत. अशा श्लोकांची संख्या ८,८०० असल्याचं परंपरागत प्रती सांगतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली तेव्हा गणपतीची ही कथा मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात टाकली, कारण ती नंतरची भर ठरली. पण भर घालणाऱ्याला काय वाटत होतं ते पहा: ग्रंथ लिहून घेणारा बुद्धीची देवता असला तरी त्यानं अर्थ लावूनच लिहायचं. उत्तर सुचलं म्हणून शाई लावायची नाही.

सोडवायला बसणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. क्लू पहिल्यांदा वाक्य म्हणून वाचा आणि लगेच ते वाक्य मोडा. विरामचिन्हांवर विश्वास ठेवू नका. स्वल्पविराम तुम्हाला चुकीच्या जागी थांबवायलाही असतो. दोन्ही टोकांचे शब्द व्याख्या म्हणून तपासा आणि कंसातल्या आकड्याशी ताडून पहा. अडलात तर उठा. मामा अडले की बाजारात जायचे आणि कोथिंबिरीची जुडी घेता घेता त्यांना उत्तर यायचं. ते का येतं हे मला माहीत नाही, पण येतं, हे इतक्या वेळा पाहिलं आहे की मी आता तशीच पिशवी घेऊन बाहेर पडते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: उत्तरापाशी थांबू नका. इंग्रजीत एक प्रसिद्ध क्लू आहे, नुसती अक्षरं: 'एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ', उत्तर पाच अक्षरी. उत्तर आहे 'वॉटर'. हे ऐकून कुणी 'बरं' म्हणेल आणि पुढं जाईल. पण ज्यानं कारण शोधलं, त्याला एचपासून ओपर्यंत, 'एच टू ओ', म्हणजे पाण्याचं रासायनिक सूत्र दिसलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हा खेळ चातुर्याचा आहे हे लोकांना लगेच कळतं. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'नं १२ मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि पुढं त्यातल्या काही स्पर्धकांना ब्लेचली पार्क इथं जर्मन संदेश उकलण्याच्या गुप्त कामावर घेतलं, ही गोष्ट म्हणूनच सगळीकडं सांगितली जाते. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते.

'अराकारिया'चे जॉन ग्रॅहम हे धर्मगुरू. १९५८ पासून ते 'गार्डियन'साठी कोडी रचत होते. त्यांचं टोपणनाव एका झाडाचं, ज्याला इंग्रजीत बोलीभाषेत 'मंकी पझल' म्हणतात. पुन्हा नावातच कोडं. जानेवारी २०१३ मध्ये, ९१ व्या वर्षी, त्यांनी एका कोड्याच्या वर छोटी सूचना छापली. अराकारियाला अमुक उभा आहे, तमुकचा आहे, आणि त्यावर अमुक-तमुक उपचार चालू आहेत, अशी. फक्त शब्दांच्या जागी आकडे. वाचकांनी नेहमीप्रमाणं कोडं सोडवायला घेतलं. एकेक घर भरत गेलं आणि आकड्यांच्या जागी शब्द उभे राहिले: कर्करोग, अन्ननलिका, वेदना कमी करण्यापुरती शुश्रूषा. हजारो अनोळखी माणसांना त्यांनी आपल्या आजाराची बातमी दिली ती त्यांच्याशी ज्या भाषेत ५० हून अधिक वर्षं बोलत आले त्याच भाषेत. प्रत्येकानं ती बातमी स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर जुळवून वाचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. क्रिप्टिक कोडं म्हणजे रचणाऱ्यानं सोडवणाऱ्यावर केलेली कुरघोडी, असं कुणी म्हणालं की मला ही सूचना आठवते. एवढा विश्वास प्रतिस्पर्ध्यावर कुणी टाकत नाही.

मराठीत अशी कोडी नियमानं रचली जायला हवीत. रचणारे मिळतील, ज्या भाषेत उखाणे आहेत, हुमान, म्हणजे कोडं, घालायची रीत आहे, कूट अभंगांचे अर्थ लावत कीर्तनकार रात्र जागवतात, तिथं रचणाऱ्यांची वाण पडणार नाही. सोडवणारे तयार व्हायला हवेत, आणि ते एकेका क्लूनंच तयार होतात. म्हणून एक इथं ठेवते:

'सापामागे लोंढा, आणि अधिवेशन भरायचं तिथंच' (४)

उत्तर तुम्हाला बहुधा आलंच असेल. ते समासात पेन्सिलीनं लिहा. मग घरातल्या कुणाला तरी बोलावून त्याचं कारण शब्दाशब्दानं समजावून सांगा, आणि त्यांना पटलं की त्यावर शाई फिरवा.